नववीत शाळा बदलायची, तर बघायचं काय?

"मॅडम, दहावी दोन वर्षांवर आली आणि आत्ता शाळा बदलायची. मुलीचं नुकसान होणार ना?"

समुपदेशक म्हणून मार्च ते मे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे बहुतेक पुण्याजवळच्या चाकण, तळेगाव, हिंजवडी भागात नव्याने नोकरीला आलेले पालक असतात. त्यांना हो किंवा नाही असं उत्तर हवं असतं आणि ते माझ्याकडे नसतं. म्हणून सोलापूरहून आलेल्या एका कुटुंबाचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मुलीला आपण सई म्हणू.

सईच्या वडिलांना चाकणच्या एका कारखान्यात चांगली नोकरी मिळाली होती. मोशीत फ्लॅट भाड्याने घेऊन झाला होता. सई सोलापुरात सेमी इंग्रजीतून आठवीला होती, धाकटा भाऊ तिसरीत. एप्रिलचा दुसरा आठवडा असेल. वडिलांनी आल्या आल्या लॅपटॉप उघडला आणि एक्सेलचा तक्ता दाखवला. शाळेचं नाव, बोर्ड, फी, दहावीचा निकाल, स्विमिंग पूल आहे की नाही, गूगलवर किती स्टार. सगळ्यात वर हिरव्या रंगात वाकडकडची एक नावाजलेली सीबीएसई शाळा. वर्षाची फी एक लाख साठ हजार, बसचे पैसे वेगळे. आई शेजारी बसून पर्सची चेन उघडत-मिटत होती. सई बाहेरच्या खोलीत होती. "तिला कशाला बोलवायचं, तिला काय कळतंय यातलं," असं वडील म्हणाले, ते रागाने नव्हे, सहजच.

वडिलांची घाई अगदीच अनाठायी नव्हती. राज्य मंडळाच्या शाळेतून येऊन सीबीएसईची दहावी करायची तर नववी हा सहसा शेवटचा दरवाजा. सीबीएसईच्या दहावीत बसायचं तर नववी सहसा त्याच मंडळाच्या शाळेतून पास झालेली लागते, आणि मंडळाकडे विद्यार्थ्याची नोंदणीही नववीतच होते. "आत्ता नाही केलं तर कधीच नाही" हे त्यांचं म्हणणं दहावीपुरतं तरी बरंचसं नियमाला धरून होतं. मात्र "म्हणून आत्ता केलंच पाहिजे" हे त्यातून निघत नाही, आणि पालकांची गाडी इथेच घसरते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. सीबीएसईच्या बहुतेक शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळांचा निकाल १ मेला, महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की हातात पडतो. दाखला त्यानंतर. म्हणजे सईची वार्षिक परीक्षा चालू असताना इकडे नववीचे धडे सुरू झाले होते. शाळेच्या कार्यालयातून रोज फोन, "सीट ब्लॉक करून ठेवा, दाखला नंतर आणून द्या." भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, हे अर्जाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं. मी एवढंच म्हटलं की मुलीने शाळा पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

त्यावर वडील थोडे गप्प झाले आणि म्हणाले, "मॅडम, सगळं तोडून आणतोय तिला. मग निदान शाळा तरी एक नंबर द्यायला नको का?"

हे वाक्य मी इतक्या बापांकडून ऐकलंय! फी जितकी जास्त तितकं मन हलकं होतं. मुलीला मात्र त्या फीतून नवी मैत्रीण मिळत नाही, आणि पहाटे साडेपाचला उठावंही तिलाच लागतं. आईने तेवढ्यात हळूच तोंड उघडलं, "यांना सांगा की ओ, तिचं एकदा ऐका म्हणून."

सईला एकटीला भेटले. हुशार, तिखट मुलगी. कोणती शाळा आवडेल हे मी तिला विचारलं नाही, कारण न पाहिलेल्या शाळांबद्दल तेरा वर्षांची मुलगी काय सांगणार? सोलापुरातला तिचा दिवस विचारला. सायकलने शाळा, संध्याकाळी खो-खो, आठ वाजता घर. त्या भागात खो-खोचं वेड आहेच, आणि सई संघात खेळायची. मग नव्या ठिकाणी भीती कसली वाटते ते विचारलं. ती म्हणाली, "वर्गात उभं करून इंग्लिश धडा वाचायला लावतील. माझे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकसारखेच येतात. हसतील." थोडं थांबून, "आणि पप्पांना सांगू नका, पण तिकडं मैदानावर गवत लावलंय. फोटोत बघितलं मी. त्याच्यावर खो-खो कसा खेळणार?"

वडिलांच्या तक्त्यात मैदानाचा रकाना होता, "५ एकर" अशी नोंद होती. त्यावर काय खेळतात हे नव्हतं.

मग सईला एक कोरा कागद दिला आणि त्या हिरव्या रंगातल्या शाळेत गेली तर सोमवार कसा जाईल ते तासातासाने लिहायला सांगितलं. बसची वेळ शाळेने दिलेलीच होती. मोशी हा मार्गावरचा पहिला थांबा, म्हणजे सकाळी सगळ्यांत आधी चढायचं आणि दुपारी सगळ्यांत शेवटी उतरायचं. सहा दहाला बस, परत यायला पावणेपाच. सेमीतून आल्यामुळे इतिहास-भूगोल इंग्रजीतून करायचा म्हणून शिकवणी, ती सहा ते आठ. जेवण, गृहपाठ, झोप. सईने कागद भरला आणि "खेळ" हा शब्द लिहायला जागा शोधत राहिली. शेवटी रविवारच्या खाली लिहिला. हा कागद मी वडिलांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ वाचला आणि लॅपटॉप मिटला.

माझं मत सांगायचं तर नववीला शाळा निवडताना मी बोर्डापेक्षा अंतराला जास्त मार्क देते. पहिलीतलं मूल बसमध्ये झोपून जातं. नववीतल्या मुलाचे ते दोन-अडीच तास म्हणजे त्याचा अभ्यास, खेळ, मित्र, सगळंच. सगळ्यांना हे पटत नाही, पटायलाच हवं असंही नाही.

बोर्डाबद्दल मात्र खूप भ्रम आहेत. सेमीच्या मुलांचं गणित-विज्ञान इंग्रजीतच झालेलं असतं, तिथे फार अडत नाही. अडतं ते इतिहास-भूगोलात आणि वर्गातल्या बोलण्यात. "सीबीएसईत गेली तर मराठी सुटेल," असं आईला वाटत होतं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं आहे, तेव्हा ती सुटत नाही. तास किती मनापासून घेतला जातो हे शाळेनुसार बदलतं, आणि ते वर्गाबाहेर उभं राहिल्यावर कळतं.

पुढच्या आठवड्यात तिघं तीन शाळा बघून आले. जाताना काय विचारायचं ते मी लिहून दिलं होतं. त्यातला एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. फाटकावर "सलग शंभर टक्के निकाल" असा फलक असेल तर विचारायचं, की यंदा दहावीला किती मुलं बसली आणि तीच तुकडी आठवीत असताना किती होती? काही शाळा कच्च्या मुलांना नववीत नापास करतात किंवा पालकांना बोलावून "दुसरीकडे बघा" सांगतात, आणि मग शंभर टक्के लागतात. बाहेरून नवीन आलेलं, एका विषयात मागे असलेलं मूल अशा शाळेत पहिल्यांदा कात्रीत सापडतं. सीबीएसईच्या शाळांना गेल्या तीन वर्षांत किती मुलं नोंदवली, किती पास झाली, हे स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. संलग्नता, फी, अग्निसुरक्षा यांची कागदपत्रंही तिथेच असतात. नवीन शाळा असेल तर संलग्नता दहावीपर्यंत आहे की अजून आठवीपर्यंतच, हे पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

सईच्या वडिलांनी हा प्रश्न त्या नावाजलेल्या शाळेत विचारला तेव्हा प्रवेश विभागातल्या बाई म्हणाल्या, "सर, वुई डोन्ट शेअर दॅट." मोशीजवळच्या दुसऱ्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत, राज्य मंडळाच्या, मुख्याध्यापिकांनी कपाटातून निकालाचं रजिस्टर काढून दाखवलं. दोघं नापास होती. का झाली तेही त्यांनी सांगितलं.

फीबद्दलही असाच एक प्रश्न असतो, तो फारसं कोणी विचारत नाही. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेला फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील असते. म्हणून "फी किती" याच्या जोडीला "ही फी कुठल्या वर्षी ठरली" हेही विचारा. मुदत संपत आली असेल तर दहावीला किती पडेल याचा अंदाज आत्ताच बांधता येतो.

प्रवेश परीक्षेचा घोळही झाला. एका शाळेने सईची लेखी चाचणी घेतलीच, वर चौथीत जाणाऱ्या भावालाही "इंटरॅक्शन"ला बोलावलं. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे, देणगी मागायलाही. नववीला चाळणीपासूनचं हे संरक्षण मिळत नाही. वडिलांनी भावाच्या बाबतीत कायद्याचं नाव काढल्यावर "इंटरॅक्शन"ची गप्पा-गोष्टी झाली.

शेवटी दोन शाळा उरल्या, दोन्ही आई-वडिलांना चालणाऱ्या. त्यांतली कोणती, हे सईने ठरवायचं होतं. मुलांना मत द्यावं ते असं. अकरा शाळांतून निवड म्हटलं तर उद्या काही चुकलं की "तूच म्हणाली होतीस" हे ऐकायची पाळी त्यांच्यावर येते. सईने मोशीजवळची शाळा घेतली, सायकलने पंधरा मिनिटं. तिथे सेमी आणि पूर्ण इंग्रजी अशा दोन तुकड्या होत्या. सेमीच घेईल असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "इतिहास-भूगोलाचंच तर आहे. करते मी."

सगळं सुरळीत झालं नाही. पहिल्या घटक चाचणीत भूगोलात वीसपैकी सहा. वडिलांचा फोन आला, आवाजात ती हिरवी ओळ परत ऐकू येत होती. मी त्यांना वर्गशिक्षिकांना भेटायला पाठवलं. बाईंनी सईला प्रश्नांची उत्तरं आधी मराठीत बोलून मग इंग्रजीत लिहायची सवय लावली. सहामाहीत चाळीसपैकी एकवीस आले. खो-खोचा संघ शाळेत नव्हताच. कबड्डीचा होता, त्यात ती गेली आणि गुडघे फोडून घेऊ लागली. डबा खायला दोघी मिळाल्या, त्यातली एक बार्शीची.

दिवाळीनंतर आई एकटी भेटायला आली, स्वतःसाठी. सोलापुरात तिची शिलाईची गिऱ्हाइकं होती, इथे दिवसभर दार लावलेलं. शाळेच्या गडबडीत तिच्या बदलीबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं. आता त्यावर आमचं काम चालू आहे.

अकरावीसाठी सई कॉमर्स म्हणते. वडिलांनी नवा तक्ता केलाय, यावेळी त्यात "घरापासून वेळ" हा रकाना पहिला आहे. शाखेचा रकाना त्यांनी आधीच "सायन्स" लिहून भरून टाकलाय, तेव्हा आमची भेट पुन्हा होणार.