सांगली ते रत्नागिरी एसटीने जाताना ३ वर्षांच्या मुलाला काय खाऊ न्यावा?

गुळाच्या दशम्या सगळ्यात भरवशाच्या. तळहाताएवढ्या लाटा, तूप लावून भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरल्या की झाकणाला वाफ धरते, तेच पाणी खाली ठिबकून दशम्या चिकट होतात आणि लवकर आंबतात.

अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं चालत्या गाडीत अजिबात नकोत; धक्क्याला घशात अडकतात. द्राक्षं घरूनच उभी चिरून चार फोडी करा, बेदाणे भिजवून बारीक चिरा. दूध-पेढे उन्हाचे टाळाच.

मलकापूर सोडल्यावर फक्त घोट घोट पाणी द्या. पुढे आंबा घाटाची वळणं आहेत, भरल्या पोटी हमखास उलटी होते. ओला रुमाल आणि दोन रिकाम्या पिशव्या हाताशी ठेवा, वरच्या बॅगेत नको.