जुनी सिस्टिम उपटण्याआधी ती वाचून काढा

तुमची अडचण मला अशी समजली: संस्था मोठी आणि सरकारी, पगार व निवृत्तिवेतनाची सिस्टिम पंचवीस वर्षांची. ती लिहिणाऱ्यांपैकी एकच अधिकारी उरलेत आणि तेही आठ महिन्यांत निवृत्त होताहेत. वरिष्ठांना सगळं एका दमात नवं हवंय, आणि तुम्ही विचारताय की होकार द्यावा का. माझं मत: नवं जरूर आणा, पण एका दमात नको. आणि निविदा काढायची घाई करण्यापेक्षा हे आठ महिने त्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवा.

सरकारी कामातल्या जुन्या प्रोग्राममध्ये कितीतरी परिपत्रकं, न्यायालयाचे आदेश आणि अपवाद मुरलेले असतात. त्यातले अनेक आता दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. मी एकदा अशाच पगाराच्या सिस्टिमच्या बदलीवर काम केलं. जुन्या कोडमध्ये एक विचित्र अट होती: ठरावीक तारखेआधी निलंबित होऊन पुन्हा रुजू झालेल्यांची वेतनवाढ वेगळ्या रीतीने मोजायची. कारण कोणालाच सांगता येईना, म्हणून आम्ही ती गाळली. तिसऱ्या महिन्यात थकबाकीच्या तक्रारी येऊ लागल्या. मग आस्थापना शाखेतल्या एका ज्येष्ठ लिपिकांनी आपली वही उघडून दाखवली. जुन्या एका निकालामुळे ती अट घातली होती, तारखेसकट नोंद होती. ते वर्षभर आमच्यापासून दोन खोल्या पलीकडे बसत होते आणि आम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. लोकांचे हक्काचे पैसे त्यात अडकले, हे मला अजून बोचतं.

कॅनडाच्या केंद्र सरकारात हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. सुमारे चाळीस वर्षं चाललेली पगाराची सिस्टिम काढून त्यांनी २०१६ च्या फेब्रुवारीत ‘फिनिक्स’ सुरू केली. कर्मचारी सुमारे २ लाख ९० हजार, वेतनाचे नियम ८० हजारांवर. खात्याखात्यांत पगाराचं काम पाहणारे १,२०० च्या आसपास अनुभवी लोक होते. ती पदं काढून मिरामिची या शहरात साधारण साडेपाचशे जणांचं एकच केंद्र उभारलं. आधी एका खात्यात चालवून पाहायचं ठरलं होतं, तेही रद्द केलं. खर्चाची मर्यादा आणि मुदत पाळायची म्हणून काही आवश्यक सोयीही वगळल्या. परिणाम असा की कुणाला महिनोन्महिने पगार नाही, कुणाला अपुरा, तर कुणाला जास्त आणि मग वसुलीची नोटीस. २०१८ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी याला ‘अनाकलनीय अपयश’ म्हटलं. मुळातलं सॉफ्टवेअर पीपलसॉफ्ट हे तयार मिळणारं, कितीतरी संस्थांत चालणारं होतं. नियम ज्यांच्या डोक्यात होते ती माणसं आधी घालवली, हे मला त्यातलं सर्वांत महागात पडलेलं पाऊल वाटतं.

म्हणून जुनं आहे तसंच ठेवायचं का? तेही नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचं (रुग्णालयं वगैरे चालवणाऱ्या संस्थांचं) काम विस्कळीत केलं. तेव्हा सगळ्यांनी विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीकडे बोट दाखवलं. पण लागण झालेली बहुतेक यंत्रं विंडोज ७ वर होती. तिला तेव्हा सपोर्ट होता, म्हणजे कंपनी तिच्या दुरुस्त्या देत होती; ही फट बुजवणारी दुरुस्ती (पॅच) मार्चमध्येच आली होती, ती फक्त बसवली नव्हती. उलट अमेरिकेच्या करखात्यातली व्यक्तिगत करदात्यांची मूळ नोंदप्रणाली १९६० च्या दशकातली आहे आणि तिच्यावर काम चाललंच. त्यामुळे वरिष्ठांना वयाची यादी देऊ नका. कशाला सपोर्ट नाही, कशाचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ, बदलता येणारा मजकूर) आपल्याकडे नाही आणि कोणतं काम एकाच माणसावर अडून आहे, ही यादी द्या.

त्या यादीत दोन सिस्टिमच्या मधले सांधेही धरा, म्हणजे एकीतून दुसरीत डेटा जातो त्या जागा. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले. कारण चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात ओतले जात होते आणि त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. अशी फाइल तुमच्याकडेही कुणाच्या तरी डेस्कटॉपवर असेल.

प्रत्यक्ष बदल तुकड्यातुकड्याने करा. आधी जुन्या सिस्टिमला नेटवर्कवर वेगळं ठेवा, बॅकअप घ्या आणि तो परत चढवून बघा. न चढवलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही. मग एखादं कडेचं काम नव्यावर न्या, उदाहरणार्थ पगारपत्रक पाहण्याची सोय. हिशेबाचा गाभा सगळ्यात शेवटी. तो नेताना जुनं आणि नवं समांतर चालवा आणि पै न पै जुळवा. एका महिन्यावर समाधान मानू नका. वर्षअखेर, वेतनवाढीचा महिना, थकबाकीचं वाटप, एवढं तरी दोन्हींकडून एकदा जाऊ द्या. कंत्राटात दोन गोष्टींवर अडून बसा: डेटा वाचता येईल अशा स्वरूपात कधीही परत मिळाला पाहिजे आणि तुमच्यासाठी लिहिलेला कोड तुमच्याकडे राहिला पाहिजे.

आता त्या अधिकाऱ्यांबद्दल. त्यांना ‘सगळं लिहून द्या’ असं पत्र पाठवू नका. रोजच्या कामाच्या रगाड्यात त्यांना ते जमणार नाही. आठवड्यातले दोन दिवस त्यांचं दुसरं काम काढून घ्या आणि शेजारी दोन तरुण कर्मचारी बसवा. त्या दोघांची बदली तीन वर्षं होणार नाही, असा लेखी आदेश आधी मिळवा. सिस्टिम कशी चालते हे विचारण्याऐवजी महिनाअखेरीला त्यांच्या बाजूला बसा आणि ते हाताने काय काय दुरुस्त करतात ते टिपून घ्या. प्रत्येक दुरुस्तीला ‘हे का?’ विचारा. आठ महिन्यांत अशा आठच महिनाअखेरी मिळणार आहेत, तेव्हा पहिली चुकवू नका.