बेस शिकवताना : लय पुढे का पळते?

प्रश्न : मी बँडमध्ये बेस गिटार वाजवतो आणि आता शिकवण्याही घेतो. विद्यार्थी मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने टिकटिक देणाऱ्या यंत्रावर) नीट वाजवतात, पण ड्रमरबरोबर बसले की पुढे पळतात. काय करावं?

उत्तर : प्रत्येक ठोका मेट्रोनोमच देत असेल तर विद्यार्थी लय धरत नाही, नुसता मागोमाग जातो. गाण्याची लय मिनिटाला 100 ठोके असेल तर मेट्रोनोम 50 वर ठेवा आणि त्याची टिकटिक चारातल्या 2 व 4 या ठोक्यांवर, म्हणजे स्नेअर ड्रमच्या जागी, मोजायला सांगा. मधला 1 आणि 3 त्याने स्वतः शोधायचा. सुरुवातीला हमखास गडबड होते. तेव्हा वाजवणं थांबवून तोंडाने मोजून घ्या. हे जमलं की 25 वर जा.

दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्वर कुठे सुरू होतो हे सगळे पाहतात, कुठे संपतो हे नाही. डावं बोट लवकर उचललं की मध्ये पोकळी पडते आणि हात पुढच्या स्वराकडे घाई करतो. एका ठोक्याचे स्वर (क्वार्टर नोट) पूर्ण लांबीचे वाजवून घ्या. मग तेच अर्धे वाजवायला लावा, डाव्या बोटाचा दाब फक्त सैल करून. बोट तारेवरून उचलून नव्हे.

अँपही (ॲम्प्लिफायर) तपासा. खुली ई तार साधारण 41 हर्ट्झची. छोट्या स्पीकरमधून तो खर्ज नीट येत नाही, म्हणून विद्यार्थी जोरात छेडतो. तार फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) खडखडते, स्वर क्षणभर चढतो. आवाज वाढवा, बोट हलकं ठेवा.