बाकावरची वर्षं

प्रश्न: अमेरिकन फुटबॉल मी नुकताच पाहू लागलोय. स्टीव्ह स्परियर कॉलेजात गाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा, पास फेकणारा खेळाडू, पण व्यावसायिक खेळात फारसा चमकला नाही. प्रशिक्षक म्हणून मात्र मोठा झाला. हे कसं?

उत्तर: माझ्या मते, जी वर्षं तुम्हाला वाया गेलेली वाटतात त्यांतच याचं उत्तर आहे.

त्याआधी १९६६चा एक क्षण सांगतोच, तो मला फार आवडतो. फ्लोरिडा विद्यापीठ विरुद्ध ऑबर्न, २७-२७ अशी बरोबरी, सामना संपायला दोनेक मिनिटं. फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून पाठवून तीन गुण, ४० यार्डांवरून मारायचा होता. नेहमीचा किकर असताना स्परियर म्हणाला, मी मारतो. मारला, ३०-२७ने जिंकले. त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्याचीच.

१९६७मध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं, पण तिथे क्वार्टरबॅक म्हणून जॉन ब्रोडीची जागा पक्की होती. नऊ हंगामांतला बराच काळ स्परियर बाकावर, नाहीतर पंट, म्हणजे चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे टोलवण्यापुरता मैदानात. मग १९७६ला टॅम्पा बेच्या नव्याकोऱ्या संघात आला, तर चौदाच्या चौदा सामने हरले! पण राखीव क्वार्टरबॅकला कधी बोलावणं येईल याचा नेम नसतो. प्रत्येक चाल त्याला पाठ ठेवावीच लागते, आणि समोरचा बचाव कसा सरकतो हे अंगावर कुणी धडकत नसल्याने शांतपणे पाहता येतं. ही शिदोरी त्याने तिथेच बांधली असं मला मनापासून वाटतं.

पुढे काही वर्षं सहायक म्हणून काढली, मग ड्यूक विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि १९९०ला फ्लोरिडाला परतला. ज्या विद्यापीठाच्या नावावर एसईसीचं, म्हणजे आग्नेय अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गटाचं, एकही अधिकृत विजेतेपद नव्हतं, तिथे १९९१ला पहिलं आलं.

आता १९९६चा हंगाम बघा. फ्लोरिडा स्टेटने स्परियरचा क्वार्टरबॅक डॅनी वरफेल याला अक्षरशः झोडपलं, २४-२१ने हरवलं. महिनाभराने, २ जानेवारी १९९७ला, शुगर बोल या हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यात पुन्हा तेच समोर. या वेळी स्परियरने वरफेलला शॉटगनमध्ये, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या सेंटरपासून काही यार्ड मागे उभं केलं. चेंडू हातात येताना समोरचं दिसावं, पास द्यायला क्षणभर जास्त मिळावा म्हणून. निकाल ५२-२०, फ्लोरिडाचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. वरफेलला त्या हंगामाची हाइझमन आधीच मिळाली होती. हाइझमन विजेत्याच्या हाताखाली दुसरा हाइझमन विजेता घडण्याची ती पहिलीच वेळ.