४१ कामं आणि एक अवघड नाव

खुर्चीत बसल्यावरही त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग एका दमात म्हणाल्या, "मॅडम, नाताळ जवळ आला की मला धडधडायला लागतं. हे कुणाला सांगायचं? ख्रिस्ती घरात जन्मले, चर्चमध्ये वाढले, मंडळीत बायकांचा बायबल अभ्यास घेते. आणि मनात काय येतं, तर डिसेंबर गाळून थेट जानेवारी यावा. माझ्या विश्वासातच खोट आहे का?"

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो, बहुतेक नाताळाच्या आधी, क्वचित पुनरुत्थानाच्या सणाआधी. शब्द बदलतात. कुणी म्हणतं, सगळे आनंदात असतात, मीच नाटक करते. कुणी जोडीनं येतं आणि भेटवस्तूंच्या खर्चावरून माझ्यासमोरच भांडतं. ही गोष्ट एकीची, त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

आधी काही प्रश्न विचारले. ते मी कधीच गाळत नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, हे वर्षभर असतं की सणाच्या तोंडावरच? दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, कशातच रस वाटला नाही असं झालंय का? जगू नये असं वाटतं का? उत्तरं "हो" आली असती तर मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. नैराश्याच्या माणसाला "प्रार्थना वाढवा" एवढंच सांगून परत पाठवणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. पण या ताईंचं तसं नव्हतं. जानेवारी ते ऑक्टोबर त्या ठीक असत. त्या दमल्या होत्या, आणि दमल्याबद्दल स्वतःला पापी ठरवत होत्या.

"मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंना हे सांगून बघितलं," त्या म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, मार्था होऊ नकोस, मरीया हो." बायबलमधल्या या दोघी बहिणी. येशू घरी आला तेव्हा मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतली आणि मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली.

"मग?"

"मग मी वहीत एक काम वाढवलं."

पर्समधून वही निघाली. नाताळाच्या कामांची यादी, ओळीनं आकडे घातलेली. साफसफाई, पडदे, कपडे, भेटवस्तू, पाहुण्यांचा स्वयंपाक, गव्हाणीचा देखावा, तारा, कुणाकुणाला शुभेच्छा पाठवायच्या त्यांची नावं. शेवटचं काम क्रमांक ४१: "रोज सकाळी अर्धा तास शांत बसणे."

मला हसू आवरलं नाही. त्याही हसल्या, पण डोळे भरले होते.

मार्थाबद्दल मला एक बोलायचंच होतं, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना या गोष्टीचा मार बसलेला असतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूचरित्रात, दहाव्या अध्यायात येशू तिला काम करू नकोस म्हणत नाही. तू पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करतेस, असं म्हणतो. बोट कामाकडे नाही, दगदगीकडे आहे. शिवाय मार्थाची गोष्ट तिथं संपतही नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात, भाऊ मेलेला असताना, "तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस" हे तीच बोलते. आणि बाराव्या अध्यायात, वल्हांडण या यहुदी सणाच्या सहा दिवस आधीच्या त्या जेवणात, मार्था पुन्हा वाढतेच आहे! तिला तिथून कुणी उठवलेलं नाही.

"म्हणजे मी वाढलं तरी चालेल?" ताईंनी विचारलं. परवानगी मागितल्यासारखं.

घरचा अभ्यास म्हणून मी त्यांना प्रत्येक कामापुढे दोन रकाने करायला सांगितले. पहिला, हे कुणासाठी? दुसरा, हे केलं नाही तर कोण रागावेल? पहिला रकाना भरताना माणूस थोडंफार खोटं बोलतो, "सगळ्यांसाठी", "घरासाठी", "देवासाठी". दुसरा मात्र खरा उतरतो.

पुढच्या भेटीत वही उघडली तर दुसऱ्या रकान्यात जाऊबाई सात वेळा होत्या, शेजारी चार, "लोक" नऊ. आणि सासूबाई अकरा वेळा.

"सासूबाई तुमच्याकडेच असतात?"

"नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली."

खोलीत बराच वेळ शांतता होती. मग कळलं की वहीतली पहिली २६ कामं सासूबाईंच्याच हस्ताक्षरात आहेत. कडक बाई, पण सुनेवर जीव. शेवटच्या आजारपणात त्यांनी ही वही हातात दिली होती. एखादी ओळ खोडायची म्हणजे ताईंना वाटे, आपण त्यांनाच खोडतोय. इतके दिवस आम्ही ज्याला सणाचा ताण म्हणत होतो त्यात शोकाचा हिस्सा मोठा होता. असं पुष्कळदा निघतं. सण हा गेलेल्या माणसांचीही हजेरी घेतो, आणि ती हजेरी आपण कामाच्या रूपात भरत राहतो.

तिसऱ्या भेटीला यजमान आले. अतिशय नेमकं बोलणारा माणूस, हिशेबनीस असावा तसा. त्यांचं म्हणणं सोपं होतं: नाताळ करायचाच नाही. "२५ डिसेंबर बायबलमध्ये कुठं आहे?"

कुठंच नाही. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. शुभवर्तमानांत जन्माची तारीख नाही, मार्क आणि योहानात तर जन्मकथाच नाही. रोममध्ये २५ डिसेंबर पाळत होते याची सर्वांत जुनी लेखी नोंद इ. स. ३५४ च्या एका संग्रहात सापडते. आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करते. बंदी घालूनही पाहिलेली आहे: अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. तो कायदा १६८१ मध्ये मागे घ्यावा लागला. प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात, दोन्ही बाजूंना मोकळं सोडतो. कुणी एखादा दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो. ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करून घ्यावी.

हे सगळं बोलून झाल्यावर मी विचारलं, "तारखेचा एवढा राग का?"

ते जरा अडखळले. म्हणाले, "२४ च्या रात्री ही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडते. दरवर्षी. मला ते बघवत नाही."

बायकोची काळजी वाटते, एवढंच सांगायला गृहस्थांनी सोळा शतकांचा इतिहास सोबत आणला होता. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं, त्या रडण्याची कुणाला खबरच नाही.

मग मी बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय काढला. मांडवांच्या यहुदी सणाबद्दलची आज्ञा आहे. आनंद करा, ही तिथं आज्ञा आहे हेच आधी मजेशीर. पण कोणी आनंद करायचा याची यादीही दिली आहे: तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी (देवसेवा करणाऱ्या वंशातला), परका, अनाथ, विधवा. मला सांगायचं होतं की राबणारे हातही आनंद करणाऱ्यांत मोजले आहेत. एकानं राबायचं आणि बाकीच्यांनी सण करायचा, अशी वाटणी तिथं नाही.

ताईंनी यादी पुन्हा वाचली. "दासी आहे. बायको नाही."

यजमान मोठ्यानं हसले, मीही. "तू" म्हणताना घरधनी आणि घरधनीण दोघंही धरायची, असं मी मानते, पण त्या क्षणी ते समजावत बसले नाही. विनोद करता आला म्हणजे गाठ सैल व्हायला लागली.

तेव्हाच विचारलं, "नाताळात तुम्ही खरंच मनापासून खूश होतात, असं कधी आठवतं?"

वाटलं होतं, एखादी देखणी आठवण निघेल. त्या म्हणाल्या, "आई इस्पितळात होती तेव्हा."

त्या नऊ वर्षांच्या होत्या. घरात तयारी काहीच नव्हती, ताराही लावला नव्हता. रात्री वडिलांनी तिघा भावंडांना अंथरुणावर बसवून लूकचा दुसरा अध्याय वाचायला घेतला. वडिलांना वाचनाची सवय नव्हती. दुसऱ्याच वचनात गाडी अडली: सूरियाचा सुभेदार क्विरीनिय. "क्वि... क्विनि... क्विरि..." धाकटा भाऊ आधी फुटला. वडील चौथ्यांदा अडखळले आणि शेवटी पुस्तक मिटवून म्हणाले, "असेल कुणीतरी सुभेदार! तर योसेफ निघाला..." मुलं पोट धरून हसली. मग वडीलही. आईच्या काळजीनं आठवडाभर घरात कुणी हसलेलं नव्हतं.

"त्या रात्रीनंतर मला येशूचा जन्म म्हटला की तो सुभेदारच आठवतो," त्या म्हणाल्या, आणि तोंडावर हात धरून हसत राहिल्या. पुन्हा लगेच ओशाळल्या. "हे काही आध्यात्मिक नाही ना?"

मला तर ते पुरेसं आध्यात्मिक वाटलं. तो सुभेदार तिथं आहे तो उगीच नाही. लूक जन्मकथा सुरू करतो ती सरकारी फर्मानानं. रोमचा सम्राट कैसर औगुस्त याचा हुकूम, नावनिशी म्हणजे शिरगणती, दिवस भरत आलेल्या मरीयेला घेऊन करावा लागलेला प्रवास. उतरायला जागा नाही. मेंढपाळांना खूण सांगितली जाते तीही कसली, बाळंत्यात गुंडाळलेलं आणि गव्हाणीत निजवलेलं बाळ. पुढे मंदिरात हे आईबाप अर्पण नेतात ते होल्यांचं किंवा कबुतरांच्या पिलांचं. बायबलमधल्या 'लेवीय' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ती सवलत आहे, जिला कोकरू परवडत नाही तिच्यासाठी. त्या घरातली त्या वर्षीची तयारी इतकीच होती. ताईंच्या वडिलांचं घर त्या रात्री या गोष्टीच्या जितकं जवळ होतं, तितकं ४१ कामं पार पडलेलं घर असेलच असं नाही.

यानंतरचं काम सरळ होतं, भराभर झालं. एक गोष्ट त्यांना विशेष उपयोगी पडली, ती चर्चच्या जुन्या पंचांगातली. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार हे वाट पाहण्याचे. सण २५ ला सुरू होतो आणि ६ जानेवारीपर्यंत बारा दिवस चालतो. आपण उलटं करतो. डिसेंबरभर सण उरकतो आणि २५ च्या संध्याकाळी पंखा लावून आडवे होतो. सगळे पाहुणे एकाच दिवशी का, याला ताईंकडे उत्तर नव्हतं. जाऊबाईंना २८ ला बोलवायचं ठरलं.

वाट पाहण्यासाठी त्यांनी मेणबत्त्यांचं चक्र करायचं ठरवलं. त्याचा उगम मी सांगितला होता. १८३९ मध्ये हॅम्बुर्गजवळ योहान विखर्न हे पाळक गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? तेव्हा त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकी दिवसांच्या छोट्या लाल, रोज एक पेटवायची. ताई म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी विचारतच नाही नाताळ कधी. मीच सगळ्यांना सांगत असते, किती दिवस राहिले."

वहीतली कामं कापताना सासूबाईंचा प्रश्न राहिलाच. मी म्हटलं, त्यांचं एक काम निवडा, जे त्या करायच्या अगदी तसंच करायचं. त्यांनी १७ नंबरवर बोट ठेवलं. सासूबाई दर नाताळाला, एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंकडे स्वतः जाऊन तासभर बसत. वेळ मिळत नाही म्हणून गेली काही वर्षं ताई मुलांच्या हाती पिशवी पाठवून मोकळ्या होत होत्या.

जानेवारीत त्या परत आल्या. सगळं छान झालं असं नाही. जाऊबाई २८ ला आल्याच नाहीत, अजून फुगलेल्या आहेत. यादीतून तारा कापला म्हणून मुलगी रडली. मग तिनं तो स्वतः केला, वाकडा झाला, आणि वाकडाच लावला. २५ च्या दुपारी ताईंना रिकामं रिकामं वाटलं, चोरी केल्यासारखं. जाऊन झोपल्या.

"सासूबाई बोलल्या का काही?"

"बोलल्या ना. पण झोप लागली."

१७ नंबरच्या म्हाताऱ्या बाईंकडे तासाचे अडीच तास झाले होते. त्यांनी सासूबाईंच्या तरुणपणाच्या अशा गोष्टी सांगितल्या, की ताईंना घरी येऊन नवऱ्याला सांगताना लाज वाटली.

आणि २४ ची रात्र? त्या रात्री यजमानांनी लूकचा दुसरा अध्याय वाचला. मुलांना आजोबांची गोष्ट सांगून ठेवलेली होती, ती तोंडात हसू धरून बसली होती. पण यजमान पडले नेमके. सुभेदार क्विरीनिय त्यांनी एका श्वासात, स्वच्छ वाचला आणि पुढे गेले.

धाकट्यानं हातातून बायबल ओढून घेतलं. "असं नाही हो बाबा. नीट चुकून वाचा."