पुण्यात वन बीएचकेसाठी गॅस गिझर घ्यावा की विजेचा?

आपण विचारले आहे की तीन माणसांच्या लहान सदनिकेत कोणता गिझर बसवावा आणि गॅस स्वस्त पडतो हे खरे आहे का. गॅस स्वस्त पडतो हे खरे आहे. तरीही मी विजेचाच घ्या असे सांगेन, आणि त्याला कारण आहे माझ्या थोरल्या भावाचे न्हाणीघर.

सहकारनगरमधील त्याच्या घरात ते जेमतेम 4 फूट बाय 6 फुटांचे आहे. पाइपचा खर्च वाचावा म्हणून त्याने गॅस गिझर आतच बसवून घेतला आणि डिसेंबरात गार वारा येतो म्हणून खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर प्लास्टिकही चिकटवले. आई तेव्हा त्याच्याकडे राहायला गेली होती. केस धुवायचे असल्यामुळे ती नेहमीपेक्षा अधिक वेळ आत होती, आणि वहिनींनी दार वाजवले तेव्हा आतून ओ आली नाही. कडी तोडून तिला बाहेर काढावे लागले. ती काही वेळाने शुद्धीवर आली, पण तो सारा दिवस रुग्णालयात ऑक्सिजनवर गेला. एकादशीच्या उपवासाने तिला चक्कर आली, असे दादा आजही सांगतो. त्या दिवशी दशमी होती. मी पंचांग पाहिले आहे.

गॅस गळला असता तर वास आला असता, हा त्याचा दुसरा मुद्दा. तो वास सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम लावलेल्या मर्कॅप्टनचा असतो. इथे गॅस गळतच नाही. बंद खोलीत प्राणवायू अपुरा पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक घट्ट जोडला जातो, त्यामुळे डोके जड होऊन मळमळू लागेपर्यंत उठून कडी काढण्याचे त्राण उरलेले नसते.

आता हिशेब. 20 लिटरची बादली 20 अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते किंवा साधारण 45 ग्रॅम गॅस. रोज तीन बादल्या धरल्या तर महिन्याला सुमारे 45 युनिट, किंवा 14.2 किलोच्या सिलिंडरमधील 4 किलोंच्या आसपास गॅस. आपले वीजबिल 100 युनिटांच्या आत असेल तर यातील काही युनिट वरच्या दराच्या टप्प्यात ढकलले जाऊ शकतात, हे मात्र लक्षात घ्या. दोन्ही आकडे आपल्या दरांनी गुणा. जो फरक येईल तेवढ्यासाठी दादाने आईला पणाला लावले होते.

आपल्याकडे मोकळी ड्राय बाल्कनी असेल आणि गिझर तिथे बसवून केवळ गरम पाण्याचा पाइप आत नेता येत असेल, तर गॅसला माझा आक्षेप नाही. दादानेही नंतर तेच केले, पण मी सांगितले म्हणून नव्हे, असे त्याचे म्हणणे. विजेचा घेताना 3 किलोवॅटच्या इन्स्टंट गिझरला सुमारे 13 अँपिअर लागतात, म्हणून 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या, विशेषतः इमारत जुनी असल्यास.