एकच गाणं, एकाच कामासाठी

ताई, तुमच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला गाणी आवडतात म्हणून दिवसभर घरात काहीतरी लावून ठेवू नका. सतत वाजणारा आवाज स्वमग्न मुलांपैकी अनेकांना थकवतो. मोबाइलपेक्षा तुमचा आवाज बरा. तो हवा तेव्हा हळू करता येतो, मध्येच थांबवता येतो.

सुरुवात एकाच अडचणीपासून करा. आमच्याकडे खेळ सोडून आंघोळीला जायचं म्हटलं की माझ्या मुलाची रोज रडारड. मग मी एक ओळ जुळवली, “ठोकळे डब्यात, ठोकळे डब्यात, आता पाणी अंगावर.” रोज तीच चाल, तेच शब्द, आणि गाता गाता एकेक ठोकळा डब्यात. कितीतरी दिवस काहीच फरक नाही. एकदा मी “आता पाणी...” म्हणून थांबले, तर माझ्याकडे बघून तो म्हणाला, “अंगावर!” तेव्हापासून मी गाणं घाईने कधीच पूर्ण करत नाही.

तुमच्या मुलाने कानांवर हात ठेवले की लगेच थांबा. तो हट्ट नसतो, त्याला खरंच सहन होत नसतं.

संगीताने ऑटिझम बरा करून देतो म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ९ देशांतल्या ३६४ मुलांच्या चाचणीत संगीतोपचारामुळे लक्षणांची तीव्रता लक्षणीय कमी झालेली दिसली नव्हती. दात घासणं, चपला घालणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, अशा कामांना गाणं जोडा. सवय लागली की एकेक शब्द गाळत जा, मग नुसतं गुणगुणा.